३८० फुटांचं घर, चौदा गिऱ्हाइकं आणि एक ओली भिंत

वाचकाचं पत्र: आमचा डोंबिवली पूर्वेला वन बीएचके फ्लॅट आहे. १९९८ची इमारत, दुसरा मजला, कार्पेट ३८० चौरस फूट. मिस्टर निवृत्त झाले, मुलगा पुण्याला असतो, म्हणून हे विकून तिकडे जायचं ठरवलंय. पाच महिन्यांत चौदा जण घर पाहून गेले. ‘कळवतो’ म्हणतात आणि परत फोन येत नाही. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, दर दिवाळीला आम्ही त्यावर रंग मारून घेतो. लाद्या मोझॅकच्या, ओटा कडप्प्याचा. एजंट म्हणतात, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करा, अडीच-तीन लाख लावा, किंमत निघून येईल. आमची तयारी साठ-सत्तर हजारांची आहे. काय करावं?

उत्तर: मॉड्युलर किचन नको आणि फॉल्स सीलिंग तर अजिबात नको. तुमचे साठ-सत्तर हजार पुरतील, फक्त ते योग्य ठिकाणी आणि योग्य क्रमाने लागले पाहिजेत.

३८० फुटांचं घर दारात उभं राहून दोन मिनिटांत दिसतं. त्या दोन मिनिटांत पाहणाऱ्याला तुमच्या घराची सजावट दिसत नसते. आयुष्यभराची पुंजी आणि वर वीस वर्षांचं कर्ज तो इथे घालणार असतो, त्यामुळे त्याची नजर खोट शोधत असते. भिंतीवर एक पोपडा दिसला की त्याच्या मनात दहा प्रश्न उभे राहतात आणि ते तो तुम्हाला विचारत नाही. ‘कळवतो’ म्हणून जिना उतरतो. म्हणून खर्च करायचा तो त्याच्या शंका काढण्यावर.

फॉल्स सीलिंगला विरोध याचसाठी. तुमच्या काळातल्या इमारतींत छत साधारण नऊ-साडेनऊ फुटांवर असतं. त्यातली पाच-सहा इंचं जिप्समने खाल्ली की दहा बाय दहाची खोली डोक्यावर आल्यासारखी वाटते. आणि जुन्या इमारतीत नवं कोरं सीलिंग दिसलं की जाणता माणूस पहिला प्रश्न मनात विचारतो: वरून गळतंय का? मॉड्युलर किचनचं दुखणं वेगळं. घेणाऱ्या बाईला ओट्याखाली भांड्यांच्या ट्रॉल्या कुठे हव्यात, फ्रिज कुठे, गॅस कुठल्या दिशेला, हे तिचं ती ठरवणार. तुमचे लाख-दीड लाख तिच्या दृष्टीने तोडून टाकायचं सामान ठरू शकतं.

आता भिंत. चौदाही जणांनी ती पाहिली आहे, असं धरून चाला. ओलीवर मारलेला रंग लपत नाही, कारण तेवढाच चौकोन उरलेल्या भिंतीपेक्षा ताजा दिसतो.

ओल फक्त पावसाळ्यात येते आणि भिंत पश्चिमेची, म्हणजे पाणी बाहेरून येतंय हे जवळजवळ नक्की. बारा महिने ओल असती तर संडास-बाथरूमच्या पाइपांवर किंवा वरच्या मजल्यावरच्या न्हाणीवर संशय घेतला असता. तरी खात्री करून घ्या. ओलीच्या जागी एक फूट बाय एक फूट जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या दमट हवेची करामत, आणि तिला खिडकी उघडी ठेवणं हाच इलाज.

बाहेरून पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या असतात. खिडकीवरच्या छज्जावर साठलेली माती आणि पालापाचोळा, बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली आडवी भेग, खिडकीच्या चौकटीभोवती सुटलेलं सिमेंट. आणि एक जागा बहुतेक जण विसरतात: बॉक्स ग्रिलचे किंवा एसीच्या स्टँडचे बोल्ट जिथे भिंतीत घुसलेत ती भोकं. ग्रिलवर कुंड्यांचं वजन असेल तर बोल्ट हलतो, भोक मोठं होतं आणि पश्चिमेचा पाऊस थेट त्यात शिरतो. ग्रिलमधल्या कुंड्या, जुन्या बादल्या, सायकलचे टायर जे असेल ते आधी काढा. ओलीसाठीही आणि उजेडासाठीही.

बाहेरची भिंत ही सोसायटीची जबाबदारी आहे, फ्लॅटधारकाची नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, तसं आहे. म्हणून सोसायटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या, फोटो जोडा. भेग नुसती वरून लिंपून चालत नाही. छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच उघडायची, धूळ झाडायची, पॉलिमर मिसळलेला मसाला आत दाबून भरायचा आणि त्यावर बाहेरचा जलरोधक रंग लावायचा. परांची किंवा झुला लावून तासाभराचंच काम असेल तरी माणूस खाली आल्यावर काम झाल्याचे फोटो मागून घ्या. पुढे ते लागणार आहेत.

बाहेरचं झाल्याशिवाय आतल्या भिंतीला हात लावू नका. नंतर आत काय करायचं ते असं. जिथवर डाग आहे त्याच्या पुढे चारही बाजूंना अर्धा फूट प्लास्टर खरवडून काढा. आत पांढरी भुकटी दिसेल, तो क्षार. तो कोरड्या ब्रशने झाडायचा. फडक्याने पुसला की क्षार पाण्यात विरघळून परत विटेत जातो आणि पुढच्या पावसात नव्या रंगाखालून फुगतो. तुमचा दर दिवाळीचा रंग याच कारणाने टिकत नाही. विटा आठ-दहा दिवस उघड्या राहू द्या, पंखा लावून ठेवा. मग एकास चार सिमेंट-वाळूचं प्लास्टर, त्यात सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला २०० मिली या प्रमाणात वॉटरप्रूफिंगचं द्रव. सात दिवस पाणी मारायचं आणि पुढे निदान तीन आठवडे वाळू द्यायचं. कंत्राटदार म्हणेल की चौथ्या दिवशी पुट्टी लावतो. लावू देऊ नका, ओल्या प्लास्टरवरची पुट्टी दोन महिन्यांत फोड येऊन सुटते.

पाऊस आता संपत आलाय. ऑक्टोबरात हे सुरू केलंत तर डिसेंबरात घर दाखवायला तयार होईल, आणि पुढे संक्रांतीनंतर पाडवा-अक्षय्य तृतीयेपर्यंतचा काळ हातात असेल. एवीतेवी पितृपक्षात कुणी टोकन देत नाही, तेव्हा आत्ताचे दोन महिने घर दाखवणं सरळ बंद ठेवा. अर्धवट काम पाहून गेलेला माणूस परत येत नाही.

प्लास्टर वाळतंय तोवर लाद्या घ्या. मोझॅकवरच व्हिट्रिफाइड टाइल बसवायचा मोह टाळा. लादीवर लादी बसवली की मसाल्यासकट जमीन इंच-सव्वाइंच वर येते, दरवाजे खालून कापावे लागतात आणि बाथरूमचा उंबरा खोल जातो. मोझॅक ही टिकाऊ लादी आहे, पण ती सिमेंट आणि संगमरवराच्या चुरीची असते. वर्षानुवर्षं ॲसिडने धुतली की वरचा थर खाल्ला जातो आणि ती कळकट दिसते. पॉलिशवाल्याला बोलवा. यंत्राने भरड दगडापासून बारीक दगडापर्यंत चार-पाच हात घासाई होते, मधे भोकं पांढऱ्या सिमेंटने भरली जातात. या घाणीचं पाणी भिंतींवर दोन फुटांपर्यंत उडतं, म्हणून घासाई रंगाआधी आणि शेवटचा चमकेचा हात रंगानंतर, असं आधीच ठरवून घ्या. त्याच माणसाकडून कडप्प्याचा ओटाही हातमशिनने पॉलिश करून घ्या. काळाभोर, सपाट, कडा न फुटलेला कडप्पा कुणाला नकोसा वाटत नाही.

नळांवर आणि बाथरूमच्या टाइलांवर जे पांढरं क्षाराचं थर आहे त्याला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, दहा मिनिटं ठेवून घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. हे पाणी कडप्प्यावर किंवा मोझॅकवर एक थेंबही पडू देऊ नका. दोन्हींत चुना आहे, आंबट लागलं की पॉलिश जागीच मरतं.

टाइलांच्या काळ्या पडलेल्या सांध्यांत पुन्हा पांढरं सिमेंट भरू नका, ते पाणी पितं आणि सहा महिन्यांत काळं होतं. जुनं दोन-तीन मिलिमीटर खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. हे मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात आवळतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि टाइलवर सांडलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसायचं. वाळल्यावर ते निघता निघत नाही. एक दिवस बाथरूम बंद ठेवावं लागेल.

रंग. ३८० फूट कार्पेटला भिंती आणि छत मिळून रंगवायचं क्षेत्र साधारण १२०० ते १३०० चौरस फूट निघतं. दोन हातांसाठी वीस लिटरचा एक डबा धरा. डब्यावर लिहिलेला हिशेब गुळगुळीत भिंतीचा असतो, तुमच्या भिंती जास्त पितात. जुना ऑइल-बाउंड डिस्टेंपर असेल तर तो पूर्ण खरवडल्याशिवाय पुट्टी लावू देऊ नका, पुट्टी डिस्टेंपरला धरून राहते आणि दोघं मिळून सुटतात. रंग मॅट घ्या. चमकदार रंगात जुन्या प्लास्टरची प्रत्येक लाट दिसते. सगळ्या घराला एकच मोतिया पांढरा, छत शुद्ध पांढरं. हॉल हिरवा, बेडरूम गुलाबी असं केलंत की दोन छोटी घरं दिसतात, एकच रंग असला की नजर दारापासून गॅलरीपर्यंत न अडखळता जाते. तुमच्या बजेटचा मोठा वाटा इथे जाईल, जाऊ द्या.

उजेडासाठी मात्र फार पैसे लागत नाहीत. सरकत्या खिडक्यांच्या काचा दोन्ही बाजूंनी धुवा, जाळी बदला, ॲल्युमिनियमच्या पट्टीत खाली जी बारीक भोकं असतात ती तारेने मोकळी करा. ती तुंबली की पावसाचं पाणी खोलीत उलटतं. चाकं झिजली असतील तर बदला, खिडकी एका बोटाने सरकली पाहिजे. सगळ्या दिव्यांचा प्रकाश एकाच छटेचा हवा. एका खोलीत निळसर पांढरा आणि दुसरीत पिवळा असला की घर तुकड्यांत वाटतं. ४००० केल्विनचा, म्हणजे निळसर आणि पिवळ्याच्या मधला प्रकाश घ्या, डब्यावर आकडा असतो. हॉलमध्ये समोरासमोरच्या भिंतींवर वीस-वीस वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, ओट्यावर कपाटाखाली एक छोटी पट्टी. ओट्यावर स्वतःची सावली पडत नाही हे बायकांच्या पहिल्या नजरेत येतं.

पिवळी पडलेली बटणं आणि बोर्डाच्या पाट्या बदला. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि गळतीचा करंट तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसलाय का ते पाहा. ‘इथे एसी लावता येईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. बेडरूमला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी असेल तर तसं सांगा, नसेल तर नाही म्हणा.

सामानाबद्दल थोडं कठोर व्हावं लागेल. बेडरूम दहा बाय दहाची धरली आणि त्यात पाच बाय साडेसहाचा पलंग ठेवला, तर पलंगाच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात. माणूस सहज चालतो. तिथे दुसरं कपाट, शिलाई मशीन आणि ट्रंक आली की उरतात दोन्ही मिळून दोन फूट, आणि पाहणारा म्हणतो ‘खोली लहान आहे’. एक लोखंडी कपाट राहू द्या. बाकीचं आत्ताच मुलाकडे पाठवा, एवीतेवी पुण्याला न्यायचंच आहे. माळे अर्धे रिकामे करा, गच्च भरलेला माळा सांगतो की घरात जागा कमी पडते. पण घर पूर्ण रिकामंही करू नका. रिकाम्या खोलीत पलंग मावेल की नाही हे डोळ्यांना कळत नाही आणि ती आहे त्याहून लहान भासते. देव्हारा आहे तिथेच असू द्या. देव कुठे मांडता येतील हे घेणारेही शोधत असतात.

वासाचं एक कारण घरच्यांना कळत नाही. न्हाणीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्यातलं पाणी वापर नसला की आटतं आणि गटाराचा वास वर येतो. तुम्ही चार दिवस पुण्याला जाणार असाल तर आधी त्यात तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर तेल ओता, तेलाने पाणी उडत नाही. घर दाखवायच्या दिवशी उदबत्तीचा धूर कोंडू नका. काहीतरी झाकताय असं वाटतं. तासभर खिडक्या उघड्या ठेवल्या की पुरे.

आता कागदपत्रं. डोंबिवलीत हा भाग रंगाइतकाच महत्त्वाचा झालाय. बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला, तेव्हापासून इथे घर पाहणारा प्रत्येक जण धास्तावलेला आहे. तुमची इमारत अधिकृत असेल तर ते सिद्ध करणारी फाइल हा तुमच्या घराचा सर्वात देखणा कोपरा आहे. ती हॉलमध्ये टीपॉयवर ठेवा. बिल्डरपासूनचे सगळे नोंदणीकृत करार, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची आणि वीजबिलाची शेवटची पावती, सोसायटीचं ‘थकबाकी नाही’ पत्र, जुनं कर्ज फेडलं असेल तर बँकेचं तारण मोकळं केल्याचं पत्र. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर झाली असेल तर त्याचीही प्रत. इमारत लवकरच तीस वर्षांची होतेय. पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी व्हावं, असं उपविधी सांगतात. शेवटचा अहवाल सेक्रेटरींकडून मागून घ्या. कर्ज देणारी बँकही इमारतीचं वय पाहते.

कार्पेटचा आकडा तोंडी सांगू नका. टेप लावून प्रत्येक खोली भिंत ते भिंत मोजा आणि कागदावर लिहा. करारात चौरस मीटर असतील तर १०.७६४ ने गुणा: ३५.३ चौरस मीटर म्हणजे ३८० फूट. करारातला आकडा बिल्ट-अप, म्हणजे भिंतींची जाडी धरून असेल तर तसं स्पष्ट सांगा. गॅलरी बंद करून खोलीत घेतली असेल तर तेही सांगा, कारण बँकेचा मूल्यांकन करणारा मंजूर नकाशा घेऊनच येतो. तिथे फरक निघाला तर कर्ज अडतं आणि ठरलेला सौदा मोडतो.

त्याच कागदावर महिन्याचा मेंटेनन्स, पाणी किती ते किती येतं, स्टेशनला चालत लागणारी मिनिटं आणि शेअर रिक्षा कुठे मिळते हे लिहा. दोन गोष्टी अजून जोडा, त्या घेणाऱ्याच्या खिशाच्या आहेत. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ५० लाखांच्या घरावर ५० हजार वाचतात. आणि महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणाचं प्रीमियम, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करायची रक्कम, २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही.

फोटो पुन्हा काढा. सकाळी किंवा ज्या वेळी खोलीत ऊन येतं तेव्हा, फोन आडवा धरून, छातीच्या उंचीवर, दाराच्या कोपऱ्यात उभं राहून. खोली मोठी दाखवणारी रुंद लेन्स वापरू नका. फोटोत मोठा दिसलेला हॉल प्रत्यक्षात लहान निघाला की माणूस दारातच हिरमुसतो. आठ-दहा फोटो पुरेत, बाथरूमचा एक हवाच.

माणसं यायच्या वेळी घरात एकच जण थांबा, टीव्ही बंद, जिन्यातल्या चपला आत. घर दाखवून झालं की पाच मिनिटं त्यांना एकटं सोडा. नवरा-बायकोला आपसात बोलायचं असतं, आणि मालक समोर असला की ते बोलत नाहीत.

भिंतीबद्दल त्यांनी विचारायची वाट पाहू नका. ‘इथे पावसात ओल येत होती, बाहेरची भेग सोसायटीने भरली, हे फोटो, हे बिल, आत प्लास्टर नवं केलंय’ एवढं स्वतःहून सांगा. सहज न दिसणारे मोठे दोष विकणाऱ्याने सांगितलेच पाहिजेत, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ही म्हणतं. आणि सांगितलेला, दुरुस्त केलेला दोष माणूस स्वीकारतो. त्याला स्वतःला सापडलेल्या दोषावर मात्र तो लाखभर उतरवून मागतो.

एजंटना कळवा की डिसेंबरापर्यंत कुणाला आणू नका. सोसायटीला पत्र मात्र उद्याच द्या. परांचीचा खर्च मंजूर करायला त्यांना कमिटीची सभा घ्यावी लागेल, आणि पंधरवडा तिथेच जातो.